वहीत न घेतलेली ओळ

"थोडं पसरलंय" असं कोणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. थोडं म्हणजे किती? चौतीस वर्षं मी जबलपूरच्या फॅक्टरीत तपासणी विभागात काढली. एखादा कामगार "साहब, थोड़ा सा बड़ा है" म्हणत नळी पुढे करायचा, तेव्हा मी मोजायचं गेज त्याच्याच हातात द्यायचो आणि म्हणायचो, भैया, थोडं नावाचं माप या खोलीत चालत नाही. आणि मग माझ्याच बायकोच्या पाठीचा एमआरआय झाला, आणि नातेवाईक, शेजारी, औषधांच्या दुकानातला माणूस, सगळे मला तेच माप सांगायला लागले. थोडासा फैल गया है, अंकल. जरासं पसरलं म्हणे, भाऊजी. अरे बापा, कुठून निघालं, कुठे गेलं, किती गेलं, ते सांगा नं!

कोणी धड सांगेना म्हणून मी वही केली. डाव्या रकान्यात रिपोर्टातला शब्द, मधल्या रकान्यात अर्थ, उजवीकडे सहीला दोन जागा. फॅक्टरीतली सवय. तिथे कुठलीही नोंद एका सहीने पक्की होत नसे. एक लिहिणाऱ्याची, दुसरी बघणाऱ्याची. लिहिणारा मी. बघणारी ती. अर्थ तिला पटला की ती चष्मा कपाळावर चढवून आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायची आणि म्हणायची, "चलो, पास."

पण वहीच्या आधीची एक गोष्ट आहे. ती टाळून बाकी सगळं मी फार व्यवस्थित सांगू शकतो, आणि दीड वर्ष मी तेच केलं.

त्या एमआरआयच्या आठेक वर्षं आधी तिच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, औषधाच्या बाटल्या चढल्या, केस गेले, केस आले. मग पाच वर्षं रोजची एक गोळी. ती संपली त्या दिवशी डॉक्टरांनी हात मिळवला. मी घरी येऊन त्या जाड फाईलवर लाल पेन्सिलीने "बंद" असं लिहिलं, नाडी आवळली आणि लोखंडी कपाटात सगळ्यात खाली, गरम कपड्यांच्या मागे ठेवून दिली. नंतर घरात त्या आजाराचं नाव कोणी काढलं नाही. मुलगी बेंगळुरूला असते, तिलाही सांगून ठेवलं होतं. नाव काढलं की येतं, असं माझी आई म्हणायची. मी एवढा मापाचा माणूस, पण हे मात्र मी विनामाप मानलं.

दोन वर्षांनी, दसऱ्यानंतर, तिची पाठ दुखायला लागली. विजय नगरमध्ये आमच्या घराजवळच एक हाडांचे डॉक्टर बसतात. भला माणूस. त्यांनी तिला वाकवलं, उभं केलं, एक्स-रे बघितला आणि विचारलं, "माताजी को पहले कोई बड़ी बीमारी? कोई ऑपरेशन?"

मी म्हणालो, "नहीं जी, कुछ खास नहीं."

लगेच म्हणालो. तिला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. परक्या माणसासमोर माझा शब्द तोडायचा नाही ही तिची रीत, आणि कागद, डॉक्टर, ऑफिस हे माझं खातं ही आमच्या घरची रीत.

मी खोटं का बोललो? आज कितीही कारणं देता येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. छातीचं नाव काढलं तर डॉक्टर उगाच भलत्या तपासण्या लावेल. शिवाय माझ्या डोक्यात फॅक्टरीचा कायदा पक्का बसलेला. बंद झालेली फाईल पुन्हा उघडायची नसते, नवा दोष निघाला तर नवा नंबर द्यायचा. छातीची फाईल छातीची, पाठीची पाठीची. मी येताना बाजारातून नवी फाईलही घेतली होती, निळी. तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "कंबर".

मग सहा आठवडे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कमरेचा पट्टा आणला. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. गोळ्या. एक बाई येऊन व्यायाम शिकवून गेली, तो करताना ही दात ओठात दाबून धरायची आणि मी समोर उभा राहून मोजायचो, सात, आठ, अजून दोन. मध्येच नागपूरहून तिचे मामेभाऊ आले. आमच्याकडे नागपूरचा पाहुणा आला की नर्मदेवरचं भेडाघाट दाखवावंच लागतं, त्यातून कोणाची सुटका नाही. पाहुण्याचीही नाही. ती म्हणाली, "मी घरी राहते जी, तुम्ही जाऊन या." मी म्हणालो, "काहून? तेवढाच व्यायाम होईल." तिने पट्टा आवळला आणि आली. नावेपर्यंतच्या त्या सगळ्या पायऱ्या उतरली आणि चढली. वर आल्यावर मूर्तीवाल्याच्या दुकानाबाहेरच्या दगडावर बसली ती उठेचना. मी तिला उसाचा रस आणून दिला. मला वाटलं, दमली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनाच शंका आली आणि एमआरआय झाला. रिपोर्ट इंग्रजीत. मी गाडीतच वाचला. हाडांमध्ये अनेक ठिकाणी "लिटिक लीजन". पुढे "मेटास्टॅटिक". आणि त्याच्या पुढे एक शब्द, "प्रायमरी", आणि त्याच्यासमोर छापलेलं प्रश्नचिन्ह. बाकीचे शब्द मला तेव्हा समजले नाहीत. प्रश्नचिन्ह मात्र लख्ख समजलं. रिपोर्ट विचारत होता, हे आलं कुठून? आणि त्याचं उत्तर माझ्या कपाटात, गरम कपड्यांच्या मागे, नाडी बांधून ठेवलेलं होतं.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे मी दोन्ही फायली घेऊन गेलो. तरुण बाई होत्या, फार कमी बोलायच्या. मी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, पहले छाती का था, वो ठीक हो गया. अब हड्डी का नया हुआ है."

त्या म्हणाल्या, "नया नहीं है, अंकल. हड्डी का कैंसर अलग होता है. ये ब्रेस्ट का ही है, हड्डी में आकर बैठा है. दवा भी ब्रेस्ट वाली ही चलेगी."

हाडात आहे आणि हाडाचं नाही? घरी येऊन मी हे तिला समजवायला बसलो आणि माझीच गाडी अडली. तेव्हा तीच म्हणाली, "त्यात काय एवढं? तुमचे आजोबा अमरावतीहून इथं आले. तुमचे बाबा इथं जन्मले, तुम्ही इथं जन्मले, इथंच रिटायर झाले. तरी कोणी विचारलं की काय सांगता? मूळचे अमरावतीचे. त्याचंही तसंच. राहून राहिलं पाठीत, मूळचं छातीचं."

मी हसलो. हसू येण्यासारखं काही नव्हतं, पण हसलो. वहीतली पहिली नोंद ती. प्रायमरी म्हणजे मूळ गाव. तिने सही केली.

आता ती ओळ.

बायको एक्स-रेच्या खोलीत होती तेव्हा डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं, "हड्डी वाले डॉक्टर को ब्रेस्ट का बताया नहीं था?" मी नाही म्हणालो. त्यांनी वर पाहिलं नाही, रागावल्या नाहीत. फक्त केसपेपरवर बाकीच्या मजकुराखाली इंग्रजीत एक ओळ लिहिली. हिस्ट्री नॉट डिस्क्लोज्ड. सिक्स वीक्स डिले. आधीचा आजार सांगितला नाही, सहा आठवडे उशीर. माझ्या कामावर असा शेरा चौतीस वर्षांत कोणी मारला नव्हता.

घरी फाईल घेऊन बसलो तेव्हा ती एकेका ओळीवर बोट ठेवत होती. तिचं शिक्षण मराठी शाळेत, नागपूरला. इंग्रजी अक्षरं लावता यायची, पण डॉक्टरी लिपी कोणाला लागते? हे काय, ते काय, असं विचारत बोट खाली आलं.

"आणि हे?"

"तारखा आहेत," मी म्हणालो. "कधी काय झालं ते."

"अच्छा," ती म्हणाली आणि पान उलटलं.

ती ओळ मी वहीत घेतली नाही.

बाकी एकही शब्द सोडला नाही, हे मात्र छाती ठोकून सांगतो. लिटिक म्हणजे हाड आतून पोखरलेलं, वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. म्हणून वाकायचं नाही, बादली उचलायची नाही. मेटास्टॅसिस म्हणजे मूळ जागा सोडून रक्तातून दुसरीकडे जाऊन वाढणं. ट्रीटेबल आणि क्युरेबल या दोन शब्दांत मला चार दिवस लागले. मुलगी फोनवर सारखी म्हणायची, "ट्रीटेबल है बाबा, ट्रीटेबल है," आणि मी धरून चाललो होतो की ट्रीटेबल म्हणजे बरं होणारं. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. इलाज आहे, महिने आहेत, कदाचित वर्षंही आहेत, पण जाणार नाही. मी ते जसंच्या तसं लिहिलं. तिने वाचलं. माझा पेन घेतला, सही केली, आणि मग म्हणाली, "आज वरण मी लावते. तुमचं पातळ होते."

पॅलिएटिव्ह या शब्दाने तर आमच्या मजल्यावर रडारड झाली. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "मतलब अब घर ले जाओ." मी तरातरा डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "किसने कहा? इसका मतलब तकलीफ का इलाज. वो पहले दिन से होता है, आख़िरी दिन का इंतज़ार नहीं करते." आल्यावर मी दीदींना दारातच ऐकवलं. अर्धवट माहिती वाटत फिरायची तर निदान साखरेसारखी तरी वाटा! नंतर वाईट वाटलं. त्या बिचाऱ्या रोज पोळ्या आणून देत होत्या.

स्टेबल हा शब्द तिच्या आवडीचा. आहे तेवढंच आहे, वाढलं नाही. ती म्हणायची, "पाहुणे गेले नाही, पण नवे येऊन नाही राहिले."

त्याच दिवसांत एकदा मी डॉक्टरबाईंना एकटं गाठून विचारलं, "वो छह हफ़्ते... फ़र्क पड़ता?" त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "बीमारी तब भी हड्डी में थी. ठीक होने वाली बात तब भी नहीं थी." मी श्वास सोडला. मग त्या म्हणाल्या, "दर्द के छह हफ़्ते बच जाते."

खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं त्यांचं? पण मीच तर गेज मागितलं होतं. पायऱ्या आठवल्या. सात, आठ, अजून दोन.

पाठीला रेडिएशन द्यायचं ठरलं. इथे सगळे त्याला सिंकाई म्हणतात. दहा दिवस जायचं होतं, सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या. सातव्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही. विचारलं तर हो, नाही. पाण्याचा ग्लास मी पुढे केला तर ती उठून स्वतः घ्यायची, तेही कमरेवर हात ठेवून. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिची फाईल उघडी पडलेली दिसली. घरात कागद उघडे पडलेले मला चालत नाहीत. मी फाईल मिटली, नाडी बांधली, कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा टेबलावर, उघडी. मी पुन्हा ठेवली. ती खुर्चीत बसून बघत होती.

"तुम्हाला काही बोलायचं नाही का?" ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"काही नाही."

"आराम कर," मी म्हणालो. "डॉक्टरांनी आराम सांगितला आहे."

दुपारी मी हॉस्पिटलला फोन लावून विचारलं, माणूस असा गप्प होतो का? तिकडून कोणीतरी सांगितलं की स्टेरॉइडने चिडचिड होते, मूड बदलतो, घाबरू नका. माझा जीव भांड्यात पडला. मी वही काढून लिहिलं, मूड चेंज म्हणजे वागण्यात फरक, स्टेरॉइडचा परिणाम. तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं. बराच वेळ वाचलं, एवढी छोटी ओळ. मग वही मिटून माझ्या हातात दिली. सही केली नाही. मला वाटलं, बोटं थरथरत असतील, त्या गोळ्यांनी तसंही होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "चहा ठेवून राहिले, आलं टाकू का जी?" मी मनात म्हणालो, चला, डोस उतरला.

पुढे बरे म्हणावे असे दिवसही आले. शेकाच्या पिशव्या गेल्या, पाठ शांत झाली. ती गॅलरीत खुर्ची टाकून मटार सोलायची. आणि रोज मला वाटायचं, आज सांगू. आज तिचा चेहरा बरा आहे, आज कशाला. आज बरा नाही, आज कसं. असं करत करत एक वर्ष गेलं. चोराच्या मनात चांदणं. तिने कपाट उघडलं तरी मी हातातलं काम टाकून तिच्या मागे जाऊन उभा राहायचो. ज्या एका माणसाला मी दिवसभरातलं सगळं सांगत आलो, त्याच माणसापासून लपवायचं, म्हणजे मग उरलं कोण? शेजारच्या खोलीत ती असायची आणि मी एकटा असायचो.

मग "प्रोग्रेशन" हा शब्द आला. नवे पाहुणे. लिव्हरमध्ये. मुलगी रजा काढून आली. एका दुपारी मी पलंगाजवळ संत्रं सोलत बसलो होतो, फोडीवरची साल काढून एकेक तिच्या तोंडात देत होतो. ती मुलीला म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातून कधी काही राहत नाही. माझं सगळं वेळेवर झालं. लक्षात ठेवजो."

मुलीने मान खाली घातली. मी पुढची फोड सोलली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आला होता, अक्षरशः जिभेवर होता. मी म्हणालो, "बी होती का?"

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

आता घर तपासायला मी एकटाच आहे. गॅस बंद, नळ बंद, कुलूप, पुन्हा गॅस. मराठी बोलायचं म्हटलं तर दिवसाकाठी देवापुढे चार ओळी होतात, तेवढंच. दूधवाला हिंदी, दीदी हिंदी, मुलगी रविवारी सकाळी फोन करते तीही हिंदी. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, लहानपणापासून असंच. आणि दर रविवारी शेवटी ती म्हणायची, "आपने सब टाइम पे किया, बाबा. अपने आप को दोष मत दीजिए." तीन महिने ऐकलं. चौथ्या महिन्यात एका रविवारी मला ते सहन होईना. मी म्हणालो, "नाही केलं." आणि सगळं सांगितलं. नाही म्हणालो ते, निळी फाईल, पायऱ्या, ती ओळ, तारखा आहेत म्हणालो ते.

तिकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली, "आई को पता था."

सिंकाई चालू असताना तिच्या आईने त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढून तिला पाठवला होता. विचारलं होतं, यात काय लिहिलं आहे? मुलीने सांगितलं होतं. आणि आईने बजावलं होतं की बाबांना बोलायचं नाही, ते आपण होऊन सांगतील.

मी विचारलं, "मग? काय म्हणाली ती?"

"गुस्सा थीं. बहुत गुस्सा थीं." मग मुलगी, तुटक का होईना, मराठीत बोलली. "बाबा, ती दोन दिवस थांबली. फाईल पण टेबलवर ठेवली होती ना तिने. तुम्ही सांगाल म्हणून."

फोन ठेवल्यावर मी वही काढली. फॅक्टरीत चुकीची नोंद खरवडायची नसते; एक आडवी रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला बरोबर नोंद करून दोघांनी सह्या करायच्या. मी "मूड चेंज"वर रेघ मारली. "स्टेरॉइडचा परिणाम" यावर रेघ मारली. बाजूला लिहिलं, रागावली होती, दोन दिवस माझी वाट पाहिली. खाली सही केली.

दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे.